रडार डिटेक्टर सारखा वाजतो, मग त्याचं ऐकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन महिन्यांपूर्वी गाडीसाठी मध्यम किमतीचा रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल देणारं यंत्र, घेतला. दुकानाच्या दारापाशी वाजतो, शेजारून गाडी गेली की वाजतो, कधी मोकळ्या रस्त्यावर काहीच नसताना वाजतो. शेवटी कंटाळून आवाज बंद केला, आणि पुढच्याच आठवड्यात वेगाबद्दल दंड झाला. आता दुप्पट किमतीचा घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

दुप्पट पैसे घालण्याआधी थोडं थांबा. गाड्यांमध्ये ही यंत्रं बसवणं आणि जुळवून देणं हे काम मी गेली वीस वर्षं करतो आहे. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं यंत्र ठीकच असतं. ते चुकीच्या जागी बसवलेलं असतं, त्याच्या सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो, आणि त्याचा आवाज काय सांगतो हे कोणी समजावलेलं नसतं. डिटेक्टर तुम्हाला ‘पोलीस आहेत’ असं कधीच सांगत नाही. ‘या वारंवारतेची लहर, एवढ्या जोराने, इथे येते आहे’ एवढंच तो सांगतो. ती लहर कोणाची, हे ठरवायचं काम तुमचं. ते जमत नसेल तर सगळ्यात महागडं यंत्रसुद्धा महिनाभरात मुकं होऊन बसतं.

आधी कायद्याचं बघा, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये असं यंत्र गाडीत सापडलं तरी ते जप्त होतं आणि वर दंड बसतो. जर्मनीत गाडी चालवताना ते वापरायला, किंवा वापरायच्या स्थितीत सोबत ठेवायलाही मनाई आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सॅस्कॅचेवान हे प्रांत सोडले तर जवळपास सगळीकडे बंदी. ब्रिटनमध्ये १९९८ च्या एका न्यायालयीन निकालानंतर वापर कायदेशीर झाला. अमेरिकेत खासगी गाडीत बहुतेक सगळीकडे चालतं, पण व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये चालत नाही. साधारण साडेचार टनांवरच्या व्यावसायिक वाहनांना तर देशभर मनाई आहे. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला नियम स्वतः वाचून घ्या, आणि सीमा ओलांडून जाणार असाल तर पलीकडचाही वाचा. बंदी असलेल्या ठिकाणी ‘लपवून ठेवू’ हा विचार करू नका. डिटेक्टरच्या आत एक आंदोलक, म्हणजे लहर तयार करणारा भाग, असतो आणि त्याची स्वतःची थोडी लहर बाहेर गळते. ती पकडणारी यंत्रं पोलिसांकडे असतात.

आता यंत्राचं काम. ते समजलं की पुढच्या अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

पोलिसांची वेग मोजणारी रडार गन लहर सोडते, ती तुमच्या गाडीवर आपटते आणि परत जाते. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढलेली असते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनसमोर तुम्ही ताशी १०० किलोमीटरने आलात तर हा फरक साधारण साडेचार हजार हर्ट्झचा पडतो. म्हणजे चोवीस अब्जांमध्ये साडेचार हजार, पण गनला तेवढा पुरतो. हा फरक माणसाच्या कानाला ऐकू येईल अशाच पट्ट्यात पडतो, त्यामुळे बऱ्याच गनमध्ये तो शिट्टीसारखा ऐकवलाही जातो. अनुभवी पोलीस नुसत्या त्या शिट्टीवरून वेगाचा अंदाज बांधतात.

गनला लहर जाऊन परत यावी लागते. डिटेक्टरला ती फक्त पोचावी लागते. सगळा फायदा इथेच आहे. अंतर दुप्पट झालं की डिटेक्टरपर्यंत पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते. गनकडे परतणारी मात्र एक सोळांश होते, कारण ती जातानाही पसरते आणि येतानाही. म्हणून गनला तुमचा वेग वाचता येण्याच्या कितीतरी आधी डिटेक्टरला तिची चाहूल लागते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर सतत चालू असलेली गन दोन-तीन किलोमीटरांवरूनही ऐकू येते. शिवाय ही लहर टॉर्चच्या झोतासारखी पसरते. झोत बारा अंशांचा असेल तर तीनशे मीटरवर तो साठेक मीटर रुंद झालेला असतो. तो रस्त्याकडेचे फलक, ट्रकच्या मागच्या बाजू, वळणावरच्या दरडी या सगळ्यांवर आपटून विखुरतो. वळणापलीकडची गन दिसत नसूनही ऐकू येते ती या विखुरलेल्या लहरीमुळे.

पण गन सतत चालू असेल तरच हे सगळं खरं. कसलेला पोलीस गन ‘होल्ड’वर ठेवतो. लहर बंद, बोट बटणावर. गाडी टप्प्यात आली की बटण दाबतो आणि क्षणात आकडा समोर येतो. तुमचा डिटेक्टर त्या क्षणी पूर्ण जोराने वाजेल, पण तोवर मोजमाप झालेलं असतं. यावर कुठल्याही किमतीच्या यंत्रात उपाय नाही. तुमच्या पुढे गाड्या असतील तर मात्र त्यांच्यावर मारलेले झोत विखरून तुमच्यापर्यंत येतात: एक-दोन सेकंदांची चुटपुटती सूचना आणि पुन्हा शांतता. हीच सूचना सगळ्यात मोलाची असते, आणि नवीन माणूस हिलाच ‘खोटी’ म्हणून सोडून देतो. म्हणूनच रात्री रिकाम्या रस्त्यावर एकटे असताना डिटेक्टर सगळ्यात कमकुवत असतो. पुढे कोणी नाही, तेव्हा पहिला झोत तुमच्यावरच पडणार.

काही साधनं तर डिटेक्टरला जाणवतच नाहीत. रस्त्याखाली तारांची वेटोळी किंवा दाब ओळखणाऱ्या पट्ट्या पुरून वेग मोजणारे कॅमेरे हवेत काहीच सोडत नाहीत. दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचून सरासरी वेग काढणारे कॅमेरेही तसेच. त्यांची ठिकाणं आधीपासून नोंदवलेली असतील तरच जीपीएसवाला डिटेक्टर सांगू शकतो, आणि ती नोंद जुनी असेल तर तोही गप्प. तुमचा दंड अशा कॅमेऱ्याने लावलेला असेल तर आवाज चालू असता तरी फरक पडला नसता. पावतीवर मोजमाप कशाने झालं ते बहुधा लिहिलेलं असतं. ते आधी बघा.

आता बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे. पोलीस रडार मुख्यतः तीन पट्ट्यांत चालतं. एक्स बँड १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास. तो जुना, आणि आता बहुतेक ठिकाणी मोडीत निघालेला. के बँड २४.०५ ते २४.२५. केए बँड ३३.४ ते ३६, आणि त्यातही बहुतेक गन ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन ठिकाणांच्या जवळ बसतात. हे आकडे पाठ करून ठेवा. तुमच्या यंत्रावर वारंवारता दाखवायची सोय असेल तर ती आजच चालू करा. नुसतं ‘के’ अक्षर बघणं आणि ‘२४.१५०’ हा आकडा बघणं यात फार फरक आहे.

तुमची बहुतेक डोकेदुखी के बँडची आहे, हे मी न बघताही सांगू शकतो. आपोआप उघडणारी दारं बहुतेक याच पट्ट्यात चालतात. काही रस्त्यांवर वाहतुकीचा वेग मोजणारे स्थिर सेन्सर असतात, तेही इथेच. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यात मोठी भर पडली ती गाड्यांच्या ब्लाइंड स्पॉट रडारची. मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत बसवलेले हे छोटे सेन्सर शेजारची गाडी ओळखायला २४ गिगाहर्ट्झची लहर सोडत राहतात. नव्या गाड्यांत हे काम ७६ ते ८१ गिगाहर्ट्झमध्ये होऊ लागलंय, आणि ती लहर डिटेक्टर घेतच नाही, त्यामुळे त्रास हळूहळू कमी होईल. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावणार आहेत.

एकदा एक बाई अशीच तक्रार घेऊन आल्या. यंत्र एक मिनिट थांबत नव्हतं, अगदी घरासमोर उभ्या गाडीतही के बँड. मी गाडी बंद ठेवली, डिटेक्टरला बाहेरच्या बॅटरीवरून वीज दिली आणि दोघं आत बसून राहिलो. पूर्ण शांतता. मग किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागून विझले, काही सेकंद गेले आणि मागच्या दिशेचा बाण उजळला. के, मध्यम जोर. किल्ली बंद केली, बाण विझला. त्यांच्याच गाडीच्या मागच्या बंपरमधला सेन्सर त्यांच्याच डिटेक्टरला वाजवत होता. त्या यंत्रात के बँडचा फिल्टर होता, पण तो कारखान्यातून बंद स्थितीत आला होता. तो चालू केला, यंत्र चार बोटं पुढे सरकवलं, आणि वाजणं जवळपास थांबलं. त्या बाई महिनाभर दुसऱ्या गाड्यांना दोष देत होत्या. तुम्हीही आधी हीच चाचणी करा. पाच मिनिटं लागतात.

आता निवड. दुकानात सगळे जण पल्ला विचारतात: किती किलोमीटरवरून पकडतो? तो प्रश्न चुकीचा नाही, पण दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा की नको ते किती गाळतो. तीन किलोमीटरवरून केए पकडणारं, पण दिवसात पन्नास वेळा के बँडवर किंचाळणारं यंत्र तुम्ही बंद करून ठेवाल. दीड किलोमीटरवरून पकडणारं आणि दिवसात दोनदाच वाजणारं यंत्र तुम्ही ऐकाल. तुमच्याच बाबतीत हे घडलेलं आहे.

गाळण्याच्या बाबतीत तीन गोष्टी बघा. पहिली, ब्लाइंड स्पॉट फिल्टर, आणि त्याची मात्रा कमी-जास्त करता येते का ते. दुसरी, जीपीएस लॉकआउट. म्हणजे एखाद्या दारापाशी, ठरावीक जागी, ठरावीक वारंवारतेवर येणारी सूचना यंत्र लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी गप्प राहतं. काही यंत्रं दोन-चार फेऱ्यांनंतर हे स्वतःच शिकतात, काहींमध्ये बटण दाबावं लागतं. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजायला मी नेहमी सांगतो. केए बँड मात्र कधीही लॉक करू नका. तिसरी, वेगाशी जोडलेला आवाज. ठरवलेल्या वेगाखाली असताना यंत्र हळू बोलतं किंवा गप्प राहतं, आणि शहरातल्या गर्दीत तेवढ्यानेच जीव वाचतो.

दिशा दाखवणारे बाण हवेत का? परवडत असतील तर हवेतच. व्हॅलेंटाईन वन १९९२ मध्ये आला तो पुढे आणि मागे असे दोन अँटेना घेऊन, आणि सूचना कुठून येते आहे ते बाणाने दाखवत. तेव्हापासून बाण वापरणारा माणूस बिनबाणाच्या यंत्राकडे सहसा परत जात नाही. समोरचा बाण शेजारी येऊन मागे गेला, म्हणजे उगम मागे पडला. समोरचा बाण समोरच राहिला आणि जोर वाढत गेला, म्हणजे तो अजून पुढे आहे. बाण नसेल तर हे सगळं आवाज कमी-जास्त होण्यावरून ताडायचं, आणि ते गाडी चालवताना अवघड जातं.

तुमच्या भागात काय वापरतात हे माहीत करून घेतल्याशिवाय मात्र पैसे घालू नका. जिथे फक्त लेझर (रडारऐवजी अदृश्य किरणांनी वेग मोजणारी गन) आणि स्थिर कॅमेरे आहेत तिथे उत्तम रडार डिटेक्टर म्हणजे फुकटचा खर्च. तिथे कॅमेऱ्यांची ताजी नोंद असलेलं मोबाइल ॲप जास्त उपयोगी, अर्थात ते तिथे कायदेशीर असेल तर. जिथे केए चालतो तिथे केएची संवेदनशीलता बघा. जिथे मल्टारडारसारखे कमी शक्तीचे फोटो रडार आहेत तिथे यंत्राला ते वेगळं ओळखता येतं का ते विचारा. ही लहर के बँडमध्येच पण इतकी दबकी आणि वेगळ्या घडणीची असते की जुनी यंत्रं तिच्या शेजारून न वाजता निघून जातात. इथे आणखी एक गुंता आहे. के फिल्टर जितका कडक, तितका अशा रडारचा पत्ता उशिरा लागतो किंवा लागतच नाही. दोन्हीत तोल साधावा लागतो, आणि तो तुमच्या रस्त्यावरच ठरतो.

एक्स बँड जिथे वापरात नाही तिथे तो सरळ बंद करा. केए बँड अडीच गिगाहर्ट्झहून रुंद आहे आणि तो सगळा चाळत बसायला यंत्राला वेळ लागतो. काही यंत्रांत फक्त त्या तीन ठिकाणांच्या आसपासचे तुकडे चाळायची सोय असते. त्याने प्रतिसाद जलद होतो आणि दुसऱ्यांच्या हलक्या डिटेक्टरमधून गळणाऱ्या लहरींवर वाजणंही घटतं. पण तुमच्या भागातल्या गनच्या वारंवारता पक्क्या माहीत असतील तरच हे करा. हलक्या यंत्रांची ही गळती खरंच त्रासदायक आहे. मोकळ्या रस्त्यावर अचानक क्षणभर केए वाजतो आणि शेजारून एक गाडी जाते, तेव्हा बहुधा तिच्या काचेला तसलं यंत्र असतं. ‘काहीच नसताना वाजतो’ म्हणालात त्यातलं काही हेही असेल.

बिनतारी, बॅटरीवरची यंत्रं मी सुचवत नाही. वीज वाचवायला ती थांबून थांबून चाळतात, आणि नेमका तोच क्षण हुकतो.

बसवण्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण इथे बिनखर्चाने सगळ्यात जास्त मिळतं. यंत्र समोरच्या काचेवर, आरशाच्या जवळ, उंचावर ठेवा. डॅशबोर्डवर ठेवलेल्या यंत्रापुढे पुढच्या गाडीची पाठ असते. आरशापाशी ठेवलेलं यंत्र त्या गाडीच्या टपावरून पलीकडे बघतं. काचेच्या वरच्या कडेला गडद पट्टी असेल तर तिच्याखाली या, कारण लेझर ओळखणाऱ्या भिंगासमोर काच स्वच्छ हवी. लेन ओळखणाऱ्या कॅमेऱ्यासमोर यंत्र येऊ देऊ नका. आणि ते जमिनीला समांतर हवं. अँटेना शिंगाच्या आकाराचा असतो, तो जिकडे बघतो तिकडचं ऐकतो. नाक वर करून बसवलेली यंत्रं मी रोज बघतो. ती आभाळाकडे कान लावून बसलेली असतात. यंत्र बसवल्यावर गाडीबाहेर, शेजारी उभे राहा आणि यंत्राचा तळ क्षितिजाशी जुळतो का ते बघा. मागचा अँटेना असेल तर मागच्या काचेतून त्याला मोकळी वाट हवी. छतापर्यंत रचलेलं सामान ती वाट अडवतं.

काचेबद्दल एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ नवं, चांगलं यंत्र घेऊन आले. तक्रार उलटी: कधी वाजतच नाही. कंपनीने एकदा बदलूनही दिलं होतं, तरी तेच. एका आपोआप उघडणाऱ्या दारासमोर आम्ही गाडी चाळीस पावलांवर उभी केली. यंत्र आत, आरशापाशी: जोर दाखवणारी एकच कांडी, तीही लुकलुकती. मी बाजूची काच खाली केली, तार ताणून यंत्र हातात धरून खिडकीबाहेर काढलं. कांड्या सरसर चढल्या, सहाच्या सहा. आत आणलं, पुन्हा एक. त्या गाडीच्या समोरच्या काचेत धातूचा पातळ थर होता. ऊन परतवणाऱ्या किंवा तारांशिवाय गरम होणाऱ्या काही काचांत तो असतो, आणि रडारची लहर त्यातून आत येत नाही. अशा काचेत आरशाच्या मागे बहुधा एक छोटी खिडकी थराविना सोडलेली असते, पथकराचं कार्ड वाचता यावं म्हणून. ठिपक्यांच्या नक्षीवरून ती ओळखू येते. यंत्र तिथे सरकवल्यावर काम झालं. ही खिडकीबाहेरची चाचणी कोणीही करू शकतो. गाडी उभी असावी, एवढंच.

सक्शन कप उन्हात सुटतात. आरशाच्या दांड्याला पकडणारी धातूची कंस-पट्टी घ्या, ती हलत नाही. वीज लायटरच्या खोबणीतून घेतली तर तार समोर लोंबते. आरशाला जाणाऱ्या तारेतून घेता येते, पण किल्लीबरोबर चालू-बंद होणारी तार कोणती ते मीटरने बघूनच, आणि मध्ये छोटा फ्यूज घालूनच. तार कडेच्या खांबातून खाली नेणार असाल तर तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तार तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही. खात्री नसेल तर हे काम कारागिराला द्या. गाडी उन्हात तासन्‌तास उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवा. उन्हाने पडदा आणि आतले भाग दोन्ही लवकर म्हातारे होतात. चोरीही टळते.

आता ऐकणं. आवाज पुन्हा चालू करा, पण पूर्ण मोठा नको. दचकवणारा आवाज माणूस बंदच करतो.

हळूहळू वाढणारी सूचना, टिक... टिक.. टिक-टिक, म्हणजे सतत चालू असलेल्या उगमाकडे तुम्ही जाताय. के बँडवर, वस्तीत, रोज त्याच जागी असेल तर दार. मोकळ्या रस्त्यावर असेल तर गंभीर. एकदम पूर्ण जोराने आलेली सूचना म्हणजे उगम जवळ आहे किंवा आत्ता चालू झालाय. के बँड आला, जोर वर-खाली झाला, शेजारून गाडी पुढे गेली आणि तिच्याबरोबर सूचनाही विरली, तर तो तिचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर. अशा गाडीच्या मागे अडकलात तर दहा-दहा मिनिटं वाजत राहतं. अशा वेळी तेवढी एक सूचना दाबून टाका, पूर्ण यंत्र नाही. आणि सेकंदभर वाजून थांबलेला केए, ३४.७ च्या आसपास? त्याला कधीही खोटा समजू नका. पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत बहुधा कोणीतरी बटणावर बोट ठेवून उभं आहे.

वाजलं की काय करायचं? ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, आरशात बघा, वेगाच्या काट्याकडे बघा. ब्रेकवर उडी मारू नका. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. मागच्याला तुमच्या डिटेक्टरचा आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त अचानक पेटलेले ब्रेकचे लाल दिवे दिसतात. दंड टाळण्यापायी मागून ठोकून घेतलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत, आणि त्यात मागच्या सीटवर मुलं बसलेली होती. मी यंत्र बसवून देताना हे प्रत्येकाला सांगतो, ऐकणारा कंटाळला तरी सांगतो. मर्यादेच्या आसपास चालवणाऱ्याला डिटेक्टर सावध ठेवतो, उतारावर नकळत वाढलेल्या वेगाची आठवण करून देतो. मर्यादेच्या चाळीस-पन्नास वर चालवणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, आणि तशा माणसाला यंत्र बसवून द्यायला मी नकार दिलेला आहे.

लेझर वेगळं प्रकरण. ती ९०४ नॅनोमीटरची अदृश्य किरणं असतात. त्यांचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका गाडीच्या नंबरप्लेटवर नेम धरता येतो आणि शेजारच्या गाडीला पत्ताही लागत नाही. मोजमापाला अर्धा सेकंदही लागत नाही. डिटेक्टरची लेझर सूचना बहुतेक वेळा ‘मोजून झालं’ एवढाच निरोप असते. ती आली तर वेग लगेच बघा, पण तिच्या भरवशावर काही ठरवू नका आणि ‘लेझर ३६० अंश’ अशा छापील मजकुरासाठी जास्त पैसे देऊ नका. लेझर किंवा रडार जाम करणारी यंत्रं हा वेगळा आणि बऱ्याच ठिकाणी थेट गुन्ह्याचा विषय आहे. रडार जॅमर अमेरिकेत केंद्रीय कायद्याने बंद आहे. मी ती विकत नाही, बसवत नाही.

आता तुमच्या यंत्राचं. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. नव्या गाड्यांचे सेन्सर ओळखणारे फिल्टर त्यातूनच येतात, आणि तीन महिन्यांचं यंत्रही पेटीत वर्षभर पडून आलेलं असू शकतं. जीपीएस असेल तर कॅमेऱ्यांची नोंदही ताजी करा. किल्लीची चाचणी करा, मग खिडकीबाहेरची. यंत्र आडवं, आरशापाशी. एक्स बंद, के फिल्टर चालू, वारंवारता पडद्यावर. शहरात ‘सिटी’ सेटिंग, बाहेर ‘हायवे’. मोबाइलचा चार्जर किंवा डॅशकॅम यंत्राला चिकटून असेल तर वीतभर लांब करा, जीपीएसला त्यांचा त्रास होतो.

मग दोन आठवडे नेहमीच्या रस्त्याने जा आणि शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांना प्रत्येक सूचना टिपून ठेवायला सांगा: जागा, बँड, आकडा, हळू वाढली की एकदम आली. एकटे असाल तर पोचल्यावर लिहा, चालवताना नाही. पानभर नोंदी होतील. ती यादी मला दाखवा. त्यात सगळे के त्याच त्या जागी असतील तर लॉकआउट असलेलं यंत्र घेण्यात अर्थ आहे. चालत्या गाड्यांमुळेच वाजत असेल तर चांगल्या फिल्टरचं. आणि यादी एकदम छोटी झाली, तर आहे तेच ठेवा.